नंबरवाली नर्स

मारेगावात नर्स म्हणवणाऱ्या पोरी पुष्कळ आहेत. सकाळच्या गाडीनं वणीला जातात, अंधार पडल्यावर परततात. सलाईन लावतात, इंजेक्शन देतात, बाळंतिणीचं सारं करतात. पगार विचारला की खाली पाहतात. काहींपेक्षा निंदणाची मजुरी बरी. दवाखाना तोच, रात्रपाळी तीच, मग पगार असा कसा? कारण त्यांच्याजवळ नंबर नाही.

नंबर म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. १९६६ च्या नर्सेस कायद्यानं तो मिळतो. तो असला तर तू नर्स. नसला तर तू दवाखान्यातली बाई, उद्या ये म्हटलं तर यायचं, येऊ नको म्हटलं तर घरी बसायचं. सरकारी भरतीच्या जाहिरातीत पहिली अट हीच असते. दोस्तहो, तुम्ही जयंतीला स्टेजवरून पोरींना सांगता, शिका. बरोबर सांगता. पण काय शिका, कुठं शिका, किती पैशात शिका, हे सांगायला स्टेजवर कोणी राहत नाही. तोवर कव्वाली सुरू झालेली असते.

माझी आजी सुईण होती. अर्ध्या रात्री पाटलाच्या वाड्यातून बोलावणं यायचं, कंदील घेऊन गडी यायचा. मागच्या दारानं आत. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाची लुगडी नाल्यावर नेऊन धुवायची. मोबदला सूपभर ज्वारी, झालंच तर एखादं फाटकं लुगडं. बारशाला तेच पोर आजीनं अंगणाच्या बाहेरून पाहायचं. ती म्हणायची, "पोट्टं पयले माह्या हातात आलं, अन् बारा दिवसानं माह्या हाताचा इटाळ झाला." अडलेली बाई सोडवायची कला तिच्या बोटांत होती. कला तिची, उपकार वाड्याचे. तेच काम पुढं दवाखान्यात गेलं, त्याला पगार आला, ड्रेस आला, परीक्षा आली. तेव्हा ज्यांच्या पिढ्यांनी ते काम फुकट केलं त्यांनीच बाहेर राहायचं काय?

मी ९० च्या दशकात सरकारी नर्सिंग शाळेतून जीएनएम झाले. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारून झालं, आणि माझ्या ताटाशेजारची जागा काही दिवस रिकामी राहिली. त्याचं पुराण इथं लावत नाही. समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर शिकले आणि नंबर घेऊन बाहेर पडले, एवढं पुरे.

आता माझ्या भाचीची गोष्ट. बहीण माझी मारेगावलाच. दीड एकर कोरडवाहू, नवरा नाही, कापूस वेचून तिनं पोरीला बारावी सायन्स केलं. निकाल लागला आणि आठ दिवसांत दलाल दारात. आला तो जयभीम म्हणतच आला. आपलाच माणूस, म्हणून तर बहिणीनं त्याला खुर्ची दिली. म्हणाला, बीएस्सी नर्सिंगची पक्की सीट देतो, मॅनेजमेंट कोट्यातून. थोडी रक्कम आता, बाकी हप्त्यानं. आणि स्कॉलरशिप तर मिळतेच ना आपल्या लोकांना!

बहिणीचा फोन आला. "ताई, तो पक्की सीट देऊन रायला. वावर गहाण ठेवू का?"

मी म्हटलं, "सीट त्याची, कर्ज तुहं. एक रुपया देऊ नको. मी येतो."

इथं जरा थांबून वाचा, कारण घरं बुडतात ती इथंच. अनुसूचित जातीच्या, म्हणजे आपल्या बौद्ध विद्यार्थ्यालाही भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं तर. त्यावर असलं तर फ्रीशिप आहे. पण बीएस्सीसारख्या व्यावसायिक कोर्सला प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून, म्हणजे सीईटी देऊन कॅप राऊंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात बसलात की शिष्यवृत्ती गेली. दलाल हे सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी कॉलेज सांगतं, आणि तोवर वावर सावकाराकडं गेलेलं असतं.

त्याच्या पिशवीत दुसरा कागदही होता. परराज्यातलं कॉलेज, हजेरीची कटकट नाही, फक्त परीक्षेला जायचं. ज्या कोर्सात आजारी माणसाला हात लावून शिकायचं त्यात हजेरी नाही! शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं ते पाहा. हायकोर्टाच्या आदेशानं सीबीआयनं तीनशेवर नर्सिंग कॉलेजं तपासली. साठावर तर अपात्रच निघाली. मे २०२४ मध्ये तपास करणारेच काही अधिकारी लाच घेताना धरले गेले. आणि पोरं? परीक्षाच झाल्या नाहीत म्हणून वर्षानुवर्षं लटकली. बाहेरून शिकून आलं तरी नोंदणी महाराष्ट्रात बदलून घ्यावी लागते, ते वेगळंच.

तिसरी वाट वस्तीतल्याच एका पोरानं सुचवली, सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स. स्वस्त आहे, जवळ आहे. पण त्यावर कौन्सिल नंबर देत नाही. वणीच्या गाडीतल्या पोरी याच वाटेनं गेलेल्या आहेत. सगळ्यात महाग कोर्स मी म्हणते तो हाच, कारण त्याची फी जन्मभर फिटते.

मग उरलं काय? एएनएम आहे, दोन वर्षांचं. उपकेंद्रावर जी बाई कोलामांच्या पोडावर पायी लस घेऊन जाते, ती एएनएम. तिला कमी लेखणाऱ्याशी मी भांडते. पण एक ध्यानात घ्या, एएनएम करून पुढं जीएनएम करायचं तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. ती वेगळी खोली आहे, जिना नाही. जीएनएम तीन वर्षांचं, आणि त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. तो जिना आहे. थेट बीएस्सी चार वर्षांचं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं.

भाचीला बीएस्सीच पाहिजे होतं. सीईटी दिली होती, मार्क बेताचे. सरकारी कॉलेजात नाव लागलं नाही. सरकारी जीएनएमच्या यादीत लागलं. पोरगी रडली. "मावशी, डिप्लोमा म्हणजे डिग्री नाही ना." हे तिच्या डोक्यात कुठून आलं, मला ठाऊक आहे. आपल्याच सभांतून आलं. डिग्रीच घ्या, डिग्रीच घ्या! मी तिला कागदावर मांडून दाखवलं. राज्याच्या भरतीत स्टाफ नर्सच्या जागेला जीएनएमही चालतं, बीएस्सीही चालतं. एम्सच्या भरतीत जीएनएमवालीला पन्नास खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, बीएस्सीवालीला मागत नाहीत. फरक आहे, तो लपवून ठेवला नाही. पण एका बाजूला तीन वर्षांत नंबर, डोक्यावर कर्ज नाही आणि पुढं नोकरी करता करता डिग्रीची वाट. दुसऱ्या बाजूला चार वर्षं आणि वावर गहाण. ठरव म्हटलं, तूच ठरव.

बहीण मध्येच म्हणाली, "एक साल घरी बसली तर लोक लग्नाचं काढतीन." तेही खरंच होतं. गरिबाच्या पोरीला पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देण्याची चैन नसते.

भाचीनं सरकारी जीएनएम घेतलं. आज दुसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, ते कोणाचेच येत नाहीत. तिच्या बरोबरीची एक पोरगी खाजगी कॉलेजात आहे. पैसे आले नाहीत म्हणून तिथं तिचं हॉलतिकीट अडवलं होतं. आपले चार कार्यकर्ते गेले, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती आणि सरकारी आदेश टेबलावर ठेवला, घोषणा दिली नाही. हॉलतिकीट मिळालं. मोर्चापेक्षा ती पावती जड होती. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. नागपुरासारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत खर्चाला मिळतात. मार्कांची आणि गावाची अट नीट वाचून अर्ज करा.

खरी धावपळ जातपडताळणीची. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असते तर दाखला असता! भाचीच्या वेळेला कामी आली ती कोतवाल बुकाची नक्कल. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ठाण्यापर्यंत नेणारा कोतवाल बहुधा आपलाच माणूस असायचा. त्यानं पायपीट करून पोचवलेल्या नोंदीत तिच्या पणजोबाचा जन्म सापडला, जातीसकट.

यंदा वस्तीतल्या चार पोरी बारावीला आहेत. दोघींच्या घरी कागद नाही. विहारात टेबल लावा, पण निकालानंतर नको, आत्ताच लावा. ज्या कॉलेजचं नाव कोणी घेईल ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, ते मोबाईलवर तिथंच बसून पाहा. आणि नकलेसाठी तहसीलला जाताना त्या बापांना एकटं पाठवू नका, कोणीतरी सोबत जा. अकराच्या आत पोचा, अर्जाची एक प्रत सही-शिक्का घेऊन परत आणा.