गारठलेली गाडी

मोटारसायकलला बोलता आलं असतं, तर डिसेंबरातल्या सकाळी तिचा पहिला शब्द "थांबा हो!" हाच असता. ते येत नाही, म्हणून पहिला गिअर टाकताच ती 'खाड्' करते आणि क्लच दाबलेला असूनही पुढे उडी घेते. लगेच मेकॅनिककडे धावू नये. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा तेलात न्हालेल्या असतात. थंडीत तेल घट्ट होतं आणि प्लेटा एकत्र कुटुंबासारख्या चिकटून बसतात. वेगळं व्हा म्हटलं तरी ऐकत नाहीत. तेलाच्या डब्यावरच्या '२०डब्ल्यू-४०'मधला डब्ल्यू विंटरचाच. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं.

सकाळी माझ्या मागे अण्णा बसतात. वय ८१, पकड सैल. एक हिसका पुरे. म्हणून इंजिन बंद असतानाच मी गाडी गिअरमध्ये टाकतो, क्लच दाबून धरतो आणि चार पावलं मागेपुढे ढकलतो. प्लेटा सुटतात. मग चालू करून मिनिटभर गरम होऊ देतो.

तेवढ्यात अण्णा कानटोपी, मफलर, काठी असा सगळा सरंजाम जमवतात आणि वर मलाच म्हणतात, "आटप रे, किती वेळ लावतोस!"