एक मत, एक स्वाक्षरी

१/
५ सप्टेंबर १९७०. संस्थानिकांचे तनखे रद्द करू पाहणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मतास टाकले गेले. बाजूने १४९, विरोधात ७५. दोन-तृतीयांशासाठी १५० हवी होती. विधेयक एका मताने पडले.

२/
दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. मान्यता गेली, म्हणजे तनखाही गेला. संसदेत जे साधले नव्हते, ते एका स्वाक्षरीने साधले.

३/
ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची बाजू नानी पालखीवाला यांनी लढवली. सरकारचे म्हणणे असे : मान्यता देणे वा काढणे हा राजकीय अधिकार आहे आणि अनुच्छेद ३६३ न्यायालयाला या वादात शिरू देत नाही.

४/
अकरा न्यायमूर्तींच्या पीठाच्या अग्रस्थानी होते सरन्यायाधीश हिदायतुल्ला, एकेकाळचे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. १९६९ मध्ये काही आठवडे त्यांनीच राष्ट्रपतिपदाचा कार्यभार वाहिला होता. त्या आसनाचे मोल आणि मर्यादा दोन्ही त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

५/
१५ डिसेंबर १९७० रोजी ९ विरुद्ध २ असा निकाल लागला : आदेश अवैध. कोणाला संस्थानिक मानायचे, हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. पण तनख्याची हमी राज्यघटनेने अनुच्छेद २९१ मध्ये दिली आहे. ओळखण्याच्या अधिकाराने ती संस्थाच पुसता येत नाही. दुसऱ्या दिवशी हिदायतुल्ला निवृत्त झाले.

६/
राजेरजवाड्यांसाठी तेव्हा कोण हळहळणार होते? गरीब देशात तनखे अनेकांना खुपत होते आणि त्या खुपण्यात न्यायही होता. म्हणूनच हा खटला कसोटीचा ठरतो. लोकप्रिय माणसाचा हक्क राखणे सोपे. ज्याच्याविषयी कोणाला ममत्व नाही, त्याचा हक्क राखताना कायद्याचा कस लागतो.

७/
तनखे अखेर गेलेच. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले आणि त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने ते संपले. १९९३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही वैध ठरवली.

८/
मग त्या निकालाने वाचवले काय? तनखे नव्हे, वाट. मुक्काम तोच राहिला. पण तिथे स्वाक्षरीच्या आडवाटेने नव्हे, मतांच्या राजमार्गानेच जावे लागले.