कच्चे आणि पक्के

आपल्या भाषेत 'कच्चा' या शब्दाच्या वाट्याला मान असा फारसा कधी आलेलाच नाही. कच्च्या गुरूचा चेला म्हटले की लोक हसतात; खेळात ज्याला कोणी हिशेबात धरीत नाही तो कच्चा लिंबू; आणि शाळेत चांगले अक्षर काढावयाचे ते पक्क्या वहीत, कच्च्या वहीच्या नशिबी नुसत्या खाडाखोडी! मला मात्र अलीकडे या शब्दाविषयी मोठी आपुलकी वाटू लागली आहे. माझ्या टेबलावर पडलेली वीतभर लांबीची, पांढरी, भोकाभोकांची एक पाटी हे त्याचे कारण होय. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात.

हे नाव स्वयंपाकघरातून आलेले आहे. रेडिओच्या बाल्यावस्थेत हौशी मंडळी पाव कापण्याची फळी उचलून आणीत, तीत खिळे ठोकीत आणि खिळ्यांना तारा गुंडाळून आपले यंत्र उभे करीत. पुढे फळी गेली, पण नाव राहिले. हल्लीची प्लास्टिकची पाटी अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल यांनी १९७१ साली आखली. तिच्यावरील भोके एकमेकांपासून २.५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर इंचाच्या दहाव्या हिश्श्यावर असतात. पाच-पाच भोकांच्या प्रत्येक ओळीखाली धातूचा एक चिमटा दडलेला असतो, आणि मधोमध एक चर असतो. या चरावर चिप स्वार झाली की तिच्या दोन्हीकडच्या पायांना वेगवेगळ्या ओळी मिळतात. तार खोचली की जोड झाला, उपटली की मोडला. डाख नको की विस्तव नको. दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीचीच ही बहीण! ठिपके ठरलेले, रेघा आपल्या मर्जीच्या. आणि उद्या सकाळी सारे पुसून पुन्हा नवे.

या पाटीचा खरा गुण म्हणजे तिची क्षमाशीलता. पाच व्होल्टवर एक तांबडा दिवा लावावयाचा आहे. दोन व्होल्ट दिवा घेणार, उरलेल्या तिहींसाठी २२० ओहमचा रोधक घातला की सुमारे चौदा मिलिअँपिअर प्रवाह वाहणार, हे गणित कागदावर कितीही चोख उतरले तरी दिवा लागेपर्यंत मनाला पटत नाही. तो भगभगीत वाटला तर रोधक बदलावा, मंद वाटला तर पुन्हा बदलावा. काही जळत नाही, काही फुकट जात नाही, कोणी रागावत नाही. ज्या शिक्षणात पहिले उत्तरच शेवटचे मानण्याची सवय लागते, त्यात वाढलेल्या आम्हां मंडळींना हे स्वातंत्र्य किती अपूर्व वाटते म्हणून सांगू!

मग सारेच कच्चे का ठेवू नये? हा प्रश्न मलाही पडे. पाटीवरचे चिमटे कालांतराने सैल होतात, धक्का लागला की तार निसटते, आणि शेजारशेजारच्या ओळी एकमेकींशी नकळत कुजबुज करीत असल्यामुळे फार जलद संदेश तेथे बिघडतात, ही त्याची पुस्तकी उत्तरे झाली. मला खरे उत्तर मिळाले ते अण्णांच्या खुर्चीवरून.

अण्णांना अलीकडे ऐकू कमी येते. दुपारी घरात ते एकटेच असतात आणि दारावरची घंटा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी एक छोटी योजना मांडली. बाहेर बटण दाबले की खिडकीच्या चौकटीवरचा दिवा अर्धा मिनिट लुकलुकावा, इतकीच. तिचा मेंदू म्हणजे ३२ किलोबाइटांत सारी आज्ञावली साठवणारा एक मायक्रोकंट्रोलर. बटण दाबले की आतले धातूचे तुकडे काही सहस्रांश सेकंद थरथरतात, आणि एकदाच दाबलेले बटण या चपळ चिपेला अनेकदा दाबल्यासारखे भासते. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर पन्नास सहस्रांश सेकंद तिकडे दुर्लक्ष करावे, असे तिला शिकवावे लागते. ही सारी मांडणी ब्रेडबोर्डवर होती आणि मी रोज तीत काहीतरी बदलीत असे.

एके दुपारी मी लवकर घरी आलो, तो काय पाहिले? इतके दिवस अण्णांची खुर्ची दाराकडे तोंड करून असे. कोणी आले तर दिसावे म्हणून ते पुस्तकातून दर घटकेला मान वर करीत. त्या दिवशी त्यांनी ती खिडकीकडे वळविली होती. दाराकडे पाठ करून, उजेडात, ते निवांत वाचीत होते. त्यांनी माझ्या दिव्यावर विश्वास टाकला होता, आणि तो दिवा एका तारेच्या पकडीवर अवलंबून होता! त्याच रात्री मी पक्की पाटी आखावयास बसलो. चिपेच्या अगदी शेजारी तिची भूक सांभाळणारा कपॅसिटर, तांब्याच्या रेघा, आणि प्रत्येक जोडावर डाख.

पक्केपणाची ही जबाबदारी मोठ्यांनाही चुकलेली नाही. इटलीतील इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत २००५ साली मास्सिमो बान्झी आदी मंडळींनी आर्दुइनो ही पाटी सिद्ध केली. तिच्यामागे एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये आरंभलेले 'वायरिंग'चे काम होते. संस्था बंद होण्याच्या बेतात होती. तिच्याबरोबर आपले श्रमही कुलपात जाऊ नयेत म्हणून त्यांनी आराखडे सर्वांस खुले केले. त्या पाटीवर सातव्या आणि आठव्या खुंटीतले अंतर चुकीने भलतेच पडले. ना एक घर, ना दोन. ही चूक दुरुस्त करणे काय अवघड होते? परंतु तोवर त्या अंतराला जुळणाऱ्या जोडपाट्या लोकांनी बनविल्या होत्या. अंतर सुधारले असते तर त्या साऱ्या निरुपयोगी ठरल्या असत्या. म्हणून २०१० साली आलेल्या ऊनो या पाटीवरही ती वाकडी फट तशीच राहिली. मला ती फट कुरूप वाटत नाही. दिलेला शब्द गैरसोयीचा ठरला तरी पाळणाऱ्या माणसाचा चेहरा मला तीत दिसतो.

कच्चे आणि पक्के यांतला भेद मजबुतीचा नव्हे, असे मला आता वाटते. आपण एकटे असतो तोवर सारे कच्चे शोभते, नव्हे, कच्चेच असावे. मोडावे, जोडावे, पुन्हा मोडावे. पण दुसऱ्या कोणी आपल्या भरवशावर पाठ वळविली की मोडण्याचा आपला हक्क संपतो. तेथून पुढे डाखाची कांडी हाती घ्यावी, आणि जोड असा द्यावा की निर्धास्तपणे वाचीत बसलेल्या माणसाला मान वर करावी लागू नये.