प्रवरेच्या उगमाकडे

सृष्टिसौंदर्य पाहावयाचे म्हणजे महाबळेश्वरास किंवा त्याहूनही दूर गेले पाहिजे, असा आम्हां शेवगावकरांचा जुना समज आहे. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आम्ही देवाचे उपकार मानतो. वास्तविक आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे १,६४६ मीटरांचे कळसूबाईचे शिखर उभे आहे, आणि त्याच्या आसमंतात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस चार-पाच हजार मिलिमीटरांपर्यंत जातो. हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे. गेल्या आश्विनात तेथे मोटारीने जाण्याचा बेत आमच्या घरात ठरला.

मोटारीत जागा सात आणि इच्छुक मंडळी अकरा. तेव्हा व्हावयाचा तो वाद यथासांग झाला. तो मिटत आला असता मोठ्या काकू माजघरातून म्हणाल्या, "प्रवरा तिकडेच उगम पावते ना? मग मीही येते."

सर्वजण चकित झाले. याचे कारण सांगावयास हवे. काकू लग्न होऊन आल्या त्या आमच्या गोदाकाठच्या गावातील वाड्यात. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले, आणि त्याच्या नाथसागरात ते गाव, तो वाडा, तुळशीवृंदावन, सारे बुडाले. आम्ही शेवगावास आलो. तेव्हापासून काकूंनी त्या जलाशयाकडे पाहिलेले नाही. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी मागे हटले म्हणजे वाड्याचे जोते उघडे पडते. काका ते पाहून येत, परंतु काकू कधी गेल्या नाहीत. आणि त्याच पाण्यावर आमचा ऊस उभा आहे, ही गोष्ट घरात कोणी उच्चारीत नाही.

पहाटे निघालो. नेवाशास प्रवरा भेटली. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच नदीच्या काठी. पुढे संगमनेर, अकोले, राजूर असे करीत दुपारच्या आत भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावी पोहोचलो. येथे प्रवरेवर १९१० साली आरंभलेले दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाभोवती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता आहे. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे अशी गावे घेत तो पुन्हा शेंडीस येतो. एका बाजूस आरशासारखे पाणी, दुसऱ्या बाजूस काळे कडे, उतारांवर सोनकीची पिवळी फुले आणि खाचरांत पिकत आलेले भात! मुले दर वळणावर मोटार थांबवीत आणि छायाचित्रे काढीत. मीही मार्गदर्शकाच्या थाटात शिखरांची नावे सांगत होतो.

अशा एका वळणावर काकूंनी विचारले, "या पाण्याखाली कोणाची जमीन आहे रे?"

मला सांगता येईना. धरणाची उंची मला पाठ होती, साल पाठ होते. परंतु हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता, आणि तोही मी स्वतः बुडालेल्या गावचा असून!

रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. मागे रतनगड, त्याच्याच अंगावर प्रवरेचा उगम. दर्शन घेऊन काकू पुष्करणीच्या पायरीवर टेकल्या. जवळच काकूंच्याच वयाची एक महादेव कोळी बाई करवंदाच्या लोणच्याच्या बरण्या मांडून बसली होती. काकूंनी तिलाही तोच प्रश्न केला. तिने जलाशयाकडे बोट केले. "आमच्या आज्याची भाताची खाचरं व्हती तिकडं. म्या न्हाई पाह्यली. आज्यानं बापाला दावली, बापानं मला."

"दिसत तर काही नाही," काकू म्हणाल्या.

"दिसत न्हाई. पर ठावं हाय."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग तिला म्हणाल्या, "माझा वाडासुद्धा असाच आहे. हेच पाणी खाली येऊन त्यावर उभे राहते." त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी मुलांना घेऊन बाजूस झालो. उठताना काकूंनी लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या आणि भाव केला नाही. आमच्या घरच्यांस हे नवलच होते.

याच मुलुखातील देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्यास फाशी दिले. त्यांचा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु त्यांच्या लोकांची खाचरे कोठे गेली, हे विचारण्याचे आम्हांस सुचत नाही. दुष्काळाचे वर्ष आले की वरच्या धरणांतून जायकवाडीस किती पाणी सोडावे, यावरून नगर जिल्हा व मराठवाडा यांत तंटा पेटतो. जो तो 'आमचे पाणी' म्हणतो. त्या तंट्यात रतनवाडीच्या त्या बाईस कोणी बोलावीत नाही, आणि आमच्या काकूंसही नाही.

धरणे बांधू नयेत, असे मला म्हणावयाचे नाही. आमच्या चुली त्यांवर पेटतात. माझे म्हणणे एवढेच की, ज्या पाण्याकडे पाहून आपण 'वाहवा' म्हणतो, ते कोणाच्या तरी अंगणावर उभे असते, याची आठवण असावी. मोटारीचा वेग तेवढा कमी केला तरी पुष्कळ.

परतताना नेवाशाच्या पुढे काकू म्हणाल्या, "शेवगावचा रस्ता जरा राहू दे. प्रवरासंगमावर ने." दिवस मावळत होता. संगमापाशी नाथसागराचा फुगवटा दूरवर पसरला होता. काकू पदर सावरून खाली उतरल्या, पाण्यास हात लावून तो डोळ्यांस लावला आणि पूर्वेकडे पाहत धाकट्या नातीस सांगू लागल्या, "आपला वाडा तिकडे, बरं का. ओसरीला सहा खांब होते..."

मी मोटारीत बसून राहिलो. घरी पोहोचावयास त्या रात्री फार उशीर झाला.