चर्चगेट रस्त्यावरच्या सरलेल्या रात्री

मुंबईच्या चर्चगेट स्थानकाजवळून समुद्राकडे जाणारा रुंद रस्ता आज वीर नरिमन मार्ग या नावाने ओळखला जातो. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी मात्र तो ‘चर्चगेट स्ट्रीट’च राहिला. सेंट थॉमस चर्चकडून येणारी वाट कोटाच्या ज्या दरवाजातून बाहेर पडे, त्याचे हे नाव. दरवाजा १८६० च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला. नाव मात्र टिकून राहिले.

पन्नास-साठच्या दशकांत दिवेलागणीनंतर येथे निराळेच शहर जागे होई. १९५६ साली सुरू झालेले गेलॉर्ड, बॉम्बेलीज, बेरीज, अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’, अ‍ॅम्बॅसिडरमधील ‘द अदर रूम’ ही सारी ठिकाणे पायी फिरण्याच्या टप्प्यात होती. एका दारातून सॅक्सोफोन, तर पुढच्या दारातून ट्रम्पेट ऐकू यावा, असा तो काळ. १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू असल्याने परवाना नसलेल्यांपुढे कॉफीचा पेलाच येई. रविवारी सकाळी महाविद्यालयीन मुले-मुली जॅझ ऐकायला गर्दी करीत, तीही कॉफीवरच. रात्रजीवन म्हटले की मद्यच डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वाजवणारे बहुतेक गोमंतकीय. गोव्यातील चर्चच्या शाळांत ते लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेले असत. मुंबईत धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत, त्यांतील अनेकांचा मुक्काम असे. दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल, असा कित्येकांचा दिनक्रम. हिंदी गीतांचा वाद्यमेळ सजवणाऱ्या या मंडळींची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले खरे, पण ते एका खऱ्या संगीतकाराचे नाव आहे, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते?

सत्तरच्या दशकात हे सारे ओसरू लागले. अभिरुची बदलली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. जमाखर्चाची बाजूही पाहावी लागते. पाच-सहा वादकांना रोज मेहनताना द्यावा लागे, त्यांना बसायला जागा अडे आणि तेवढीच टेबले कमी होत. डिस्कोथेकमध्ये तेच काम एक यंत्र आणि काही तबकड्या करू लागल्या. मालकाने कोणता आकडा निवडला असेल, ते सांगायला नकोच.

आज गेलॉर्ड चालू आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या कडेला के. रुस्तमकडे दोन वेफर्समध्ये धरलेली आइस्क्रीमची वडी अजून मिळते. ‘व्हेनिस’ आता नाही. वादक पांगले, कोणी गोव्यास परतले, कोणी परदेशी गेले. ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांनी दुबईत संगीतशाळा काढली. त्यांच्या वाद्यवृंदाची गायिका लोर्ना कोर्देरो दोन दशकांहून अधिक काळ मंचापासून दूर राहिल्या. १९९५ मध्ये त्या पुन्हा गायल्या, त्या गोव्यात.