चंची, अडकित्ता आणि विमान

नांदेडला विमानतळ आहे, ही गोष्ट आपल्या गावच्या माणसाला मुख्यतः परगावच्या पाहुण्यांपुढे सांगण्याच्या कामी येते. स्वतः त्या फाटकाच्या आत जाण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. आमच्या वर्गात सहज विचारले, तर चार हात वर झाले. आणि खोलात शिरल्यावर त्यांतले दोघे पाहुण्याला सोडायला आटोतून गेलेले निघाले! तेव्हा हा लेख त्या चार हातांसाठी नाही, खाली राहिलेल्या बाकीच्यांसाठी आहे.

तसे पाहिले तर आकाशाशी आपले नाते अगदीच नवे नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादेत ‘डेक्कन एअरवेज’ नावाची कंपनी होती. १९५३ साली सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या त्यात तीही गेली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००३ साली, कॅप्टन गोपीनाथ यांनी तेच नाव उलटे करून ‘एअर डेक्कन’ काढली आणि विमानाचे तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचा घाट घातला. तिच्या विमानात जेवण फुकट मिळत नसे. लोकांनी नावे ठेवली, पण बसले! साहेबांच्या देशात फ्रेडी लेकर नावाच्या गृहस्थाने हाच उद्योग १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क केला होता; १९८२ साली त्याचे दिवाळे वाजले. एअर डेक्कनही पुढे किंगफिशरच्या पोटात गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशर स्वतःच बसली. स्वस्तात उडवणे हा धंदा असा आहे खरा.

नांदेडची आजची धावपट्टी आणि इमारत उभी राहिली ती २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने. त्यानंतर विमाने आली नि गेली. २७ एप्रिल २०१७ रोजी सरकारच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. हवाई चप्पल घालणाऱ्यानेही हवाई जहाजात बसावे, अशी ती कल्पना. तासाभराच्या उड्डाणाला, निदान निम्म्या जागांसाठी, अडीच हजार रुपये अशी मर्यादा घातलेली. ट्रूजेट नावाची कंपनी ते विमान चालवीत असे. २०२२ च्या आरंभी ती कंपनी थांबली आणि आपले आभाळ पुन्हा घारींना मोकळे झाले. मग २०२४ च्या मार्चअखेरीस बंगळूरचे विमान सुरू झाले. लातूरकरांचे नशीब तर याहून रोड. त्यांच्याकडे धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावे असे रोजचे विमान नाही. आधी अहमदपूर-लोहा करीत सुमारे १४० किलोमीटर नांदेडला या, मग उडा.

हा मधला दोन वर्षांचा खंड मी मुद्दाम सांगितला. माझी अक्का बंगळूरला असते. दाजी तिथे एका कारखान्यात आहेत. २०२२ च्या डिसेंबरात तिला सातव्या महिन्यात अचानक दवाखान्यात नेले. आईला निरोप मिळाला तो संध्याकाळी. आमच्या खेड्यातून लोहा, लोह्याहून नांदेड, तिथून परभणी-परळीचा वळसा घेत जाणारी रेल्वे. आई पोचली तेव्हा सगळे आटोपून एक दिवस झाला होता. बाळ राहिले नाही. अक्काने काही विचारले नाही आणि आईनेही त्याविषयी घरात कधी शब्द काढला नाही. पण पुढच्या वर्षी अक्काला पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “ती येत न्हाई तर मी आधीच जाऊन बसते.” पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ही आपली रीत. या वेळी माहेरच लेकीकडे निघाले.

तिकिटे दाजींनी दोन महिने आधी काढली, आईचे आणि सोबतीला माझे. इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्या, मित्रहो. एसटीचे तिकीट आज काढले काय नि उद्या काढले काय, दर तोच. विमानाचे तसे नाही. जागा भरत जातात तसा भाव चढत जातो. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच प्रवासाला निरनिराळे पैसे मोजलेले असतात. मोंढ्यातल्या सोयाबीनच्या भावासारखेच हे, फक्त इथे आडत्या दिसत नाही.

दुसरी गोष्ट सामानाची, आणि आमचे खरे महाभारत इथेच झाले. स्वस्त विमानात बहुधा माणशी पंधरा किलो सामान पोटात टाकायला आणि सात किलो हातात. त्यावर गेले की किलोमागे काही शेकड्यांत दंड. आईची तयारी मात्र बैलगाडीच्या हिशेबाने झालेली. डिंकाचे लाडू, हाळीव, बाळंतशोपा, खारका, जुन्या लुगड्यांची दुपटी, झबली-टोपरी आणि दोन वाकळा. मामा लातूरहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. त्यांनी धान्य तोलायचा काटा आणून दारात टांगला आणि सगळी गाठोडी त्याला लावली. दोघांचे मिळून तीस किलो, तिथे अडतीस भरले! एक वाकळ कमी झाली. लाडवांचा मोठा डबा हातातल्या पिशवीत गेला.

मग खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. सुके खोबरे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यात तेल फार असते आणि कोंदट जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ असा क्रमांकच दिलेला आहे. मी हे वाचून दाखवले, तर आई माझ्याकडे पाहतच राहिली. “मारुतीला वाहतो ते खोबरं?” असे तिने दोनदा विचारले. मोबाइलची वेगळी बॅटरी मात्र याच्या उलट, ती हातातच हवी. काडेपेटी कुठेच नाही.

आता इमारतीविषयी. मोठ्या शहरांत स्वस्त विमानांसाठी साधी, वेगळी इमारत असते, असे ऐकून होतो. सिंगापूरला २००६ साली तर ‘बजेट टर्मिनल’ असेच सरळ नाव दिलेली एकमजली इमारत बांधली होती. जिने नाहीत, विमानापर्यंत नेणारी बंद गल्ली नाही, प्रवाशाने उन्हापावसात चालत जायचे. २०१२ मध्ये तिला कुलूप लागले. मुंबईत सांताक्रूझची जुनी इमारत बरीचशी अशाच कंपन्यांच्या वाट्याला आलेली. नांदेडच्या इमारतीला तसे नाव कुणी दिलेले नाही, पण रीत तीच. एक दार, थोड्या खिडक्या, तपासणीची जागा, बसायला खुर्च्या आणि काचेपलीकडे धावपट्टी. माझ्या मते हा तिचा दोष नाही, गुण आहे. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. दारापासून खुर्चीपर्यंत तिची पावले मोजता आली असती.

चहाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. विमानतळावरचा चहा घेण्यापूर्वी किंमत विचारा. २०२४ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह सरकारने काढले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. यावरून एरवी काय असते त्याचा अंदाज यावा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ती नेता येते. संकोच करू नये. आमच्या शेजारी पंजाबातून हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले एक कुटुंब पराठे सोडून बसले होते. त्यांनी आम्हांला एक दिला, आईने त्यांना दशमी दिली.

तपासणीच्या वेळी पुरुषांची रांग वेगळी, बायकांना पडद्याआड नेतात. मी अलीकडून ऐकत होतो. आई बाहेर आली, तरी तिची पिशवी यंत्रातून परत येईना. शेवटी तिच्यातून चंची निघाली आणि चंचीतून अडकित्ता. तो आईच्या आईचा. पितळी मुठीचा, पाते झिजून बारीक झालेले. आईने तो केव्हा ठेवला, कुणालाच ठाऊक नव्हते. तपासणीवरची बाई तरुण होती, आवाजही चढवीत नव्हती. पण तो हातातल्या सामानात जाणार नाही एवढेच सांगत होती. मोठी बोचकी तर केव्हाच आत गेलेली. तेवढ्यात पुढून ते पंजाबी आजोबा कृपाण कमरेला लावून निघून गेले. आईने बोट दाखवले. “त्यांची तलवार चालती, अन् माझा अडकित्ता कामून न्हाई?”

याचे उत्तर आहे. देशातल्या विमानांत शीख प्रवाशाला सहा इंचांपर्यंत पाते असलेले कृपाण धर्माचे चिन्ह म्हणून बाळगता येते, असा नियमच आहे. तो योग्यही आहे. पण तो त्या क्षणी आईला समजावणे मला काही जमले नाही. ती रडली नाही. अडकित्ता हातात घट्ट धरून म्हणाली, “मग मी न्हाई येत.” आणि पुढच्या क्षणी, जरा थांबून, “न्हाई, जाऊ दे. ठिव.” तिने तो मेजावर ठेवला. ती बाई काही वेळ त्याच्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, सोडायला कोण आले आहे का? मामा बाहेर आटोजवळच होते. तिने एका कर्मचाऱ्याला हाक मारली, अडकित्ता त्याच्या हाती दिला आणि तो मामांना नेऊन पोचता केला. मोठ्या विमानतळावर हे झाले असते असे मला वाटत नाही. तिथे टाकलेल्या वस्तूंची पेटी असते.

विमानाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. शहात्तर जागांचे, दोन-दोन खुर्च्यांच्या रांगांचे. मध्ये कुणी चेपून बसत नाही. वर चढताना कानांत दडे बसतात, तेव्हा लवंग तोंडात धरावी. गोदावरी खाली दिसली ती आईने ओळखली नाही. “एवढी बारीक?” म्हणाली. दीड तासाच्या आत-बाहेर आम्ही बंगळूरला उतरलो. तिथल्या नव्या इमारतीचे छत बांबूच्या पट्ट्यांनी मढवलेले आहे आणि वरून वेली सोडल्या आहेत. चालून चालून आईचे गुडघे भरून आले. बाहेर दाजी उभे होते. आदल्या खेपेला ज्या वाटेला पुरा दिवस जाऊन पुरला नव्हता, ती या वेळी दुपारच्या जेवणाआधी संपली.

बाळ अकरा दिवसांनी झाले. मुलगी आहे. त्या रात्री आई दवाखान्यात अक्काच्या उशाशी होती, एवढे मी फोनवर ऐकले. मी तोवर रेल्वेने परत येऊन वसतिगृहात बसलो होतो.

आई सप्टेंबरात परतली, तीही रेल्वेनेच. ऐनवेळी विमानाचा जो आकडा दिसला, तो जाताना आम्हा दोघांना मिळून पडला होता त्याहून मोठा होता. हजूर साहिब नांदेड स्थानकावर मी आणि मामा उतरवून घ्यायला गेलो, तर तिच्यासोबत तीन बोचकी, नारळाची एक गोणी आणि अक्काने दिलेले पितळी समईचे खोके. मामांनी अडकित्ता पुढे केला. तिने तो घेतला, चंचीत घातला, आणि गोणीकडे बोट दाखवून म्हणाली, “धर की. गाडीत कुणी तोलत न्हाई.”