लाल ट्रॅक्टर आणि सातबाऱ्यावर नसलेला माणूस

या मालिकेत आजवर ताम्रपट, बखरी आणि दफ्तरांतील कागद यांविषयी लिहिले. आजचे साधन आमच्याच गोठ्याशेजारी उताराला तोंड करून उभे आहे. इंटरनॅशनल बी-२७५, रंगाने एकेकाळी लाल. बॅटरीचा भरवसा नसल्याने आजोबा तो कायम उतारावर लावीत. पहाटे ब्रेक सोडायचा, घरंगळत वेग आला की क्लच सोडायचा; पहिला काळा धूर निघाला की आजी चुलीवर चहाचे आधण ठेवी. मडगार्डवर बसून, दात एकमेकांवर आपटत, मी रानात जात असे. गेल्या महिन्यात भंगारवाल्याने त्याचा भाव सांगितला. तो देण्यापूर्वी त्याचा इतिहास लिहावा, असे मी ठरवले.

हे मॉडेल मूळचे इंग्लंडमधील डॉनकास्टरच्या कारखान्यातले. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी भागीदारीत कंपनी काढली आणि पुढे ते मुंबईत, कांदिवलीला तयार होऊ लागले. त्या काळी पैसे असले म्हणून ट्रॅक्टर मिळत नसे; नाव नोंदवून वाट पाहावी लागे.

आमचा कधी आला, याचे उत्तर सातबाऱ्याने दिले. ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा होता. फेरफार काढला, तर साल निघाले १९७४. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाला जेमतेम दोन वर्षे होत होती, आणि आजोबांनी जमीन तारण ठेवली होती. बोजा उतरल्याची नोंद अकरा वर्षांनंतरची. एवढे हाती आल्यावर मला, खरे सांगतो, प्रबंधाचे प्रकरण मिळाल्यासारखा आनंद झाला.

तो कागद मी आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “आपल्या सालगड्याचं नाव कुठं आहे का बघ त्यात.”

नव्हते. असणारही नव्हते.

काळ्या रानात लोखंडी नांगर खोल चालवायचा, तर बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. एवढे बैल एका दावणीला क्वचितच असत. म्हणून सावड चाले: आज तुमचे बैल आमच्या रानात, उद्या आमचे तुमच्या. नांगरटीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसांची पंगत बसे, आणि बैलांची सगळी व्यवस्था त्या सालगड्याकडे असे. सालाचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पस्तीस अश्वशक्तीचे यंत्र दारात आले, त्या पाडव्याला त्याचे साल पुन्हा ठरले नाही. दोन जोड्या बाजारात गेल्या. तो बायकामुलांसह ऊसतोडीला गेला.

“बैल विकले तेव्हा तुझे आजोबा रडले,” आजी म्हणाली. “तो गेला तेव्हा नाही रडले.” मग बराच वेळ ती गहू निवडत राहिली. “आणि मला तर बरंच वाटलं रे. वीस माणसांच्या भाकरी थापायच्या सुटल्या.”

हे वाक्य कुठे ठेवावे, ते मला अजून उमगलेले नाही. सावडीच्या आठवणीने हळवे होणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत भाकरी कोणी थापल्या, हे सहसा नसते. मीही ट्रॅक्टरवर चार पाने लिहून झाली होती, आणि त्यांत ना चूल होती, ना गोठ्यात झोपणारा तो माणूस. वडील त्याला काका म्हणत. त्याच्या खांद्यावर बसून ते शाळेत गेले. त्याचे आडनाव विचारले, तेव्हा ते गप्प झाले. घरात कोणालाच ते आठवेना.

परवा गावातील एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की त्याचा धाकटा मुलगा साखर कारखान्याजवळच्या वस्तीत राहतो. रविवारी आजीला घेऊन जाणार आहे. भंगारवाल्याला तोवर थांबायला सांगितले आहे.